धोंडाबाईचा डावा गुडघा

घोटावड्याच्या धोंडाबाईने डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन करून घेतलं ते डॉक्टरांपेक्षा लेकाच्या भरवशावर. निरंजन हिंजवडीतल्या एका कंपनीत होता आणि त्याचं कामच कृत्रिम गुडघ्यांचं होतं. स्कॅनवरून कॉम्प्युटरवर हुबेहूब हाड उभं करायचं, त्यात सांधा बसवायचा आणि माणूस चालला, जिना चढला, तर तो सांधा जागेवरून किती हलतो ते बघायचं. हालचाल दोन केसांच्या जाडीच्या आत राहिली तर हाड धातूला धरून वाढतं. त्यापुढे गेली की धरत नाही.

"मी रोज हेच बघतो, आई. भिऊ नगंस," तो म्हणाला होता.

आठ महिने बरे गेले. मग पाऊल टेकलं की गुडघ्याखाली कळ उठू लागली. कोपऱ्यात ठेवलेला वॉकर पुन्हा बाहेर आला. एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले, "सांध्याची खालची प्लेट सैल झालीय. पुन्हा ऑपरेशन करायला हवं, पण यांचं हृदय आता ते सोसणार नाही."

तेव्हा निरंजनने आईचा ऑपरेशनआधीचा स्कॅन पहिल्यांदा मॉडेलमध्ये घातला. वर्षभर तो त्याच्याच लॅपटॉपवर पडून होता. चालणं दिलं, हालचाल हद्दीत. जिना दिला, हद्दीत. मग त्याने आईचा दिवस दिला. गोठ्यात उकिडवं बसून म्हशींचं शेण भरणं, भरली पाटी डोक्यावर घेऊन उठणं. असलं उठणं तपासायची कंपनीत रीत नव्हती, ते त्याने दोन दिवस खपून स्वतः बसवलं. पडद्यावर प्लेट मागे दबली आणि तिची पुढची कड उचलली गेली. हालचाल हद्दीच्या दुप्पट होती.

साधना मॅडम, त्याच्या टीमच्या प्रमुख, मागे उभ्या होत्या. "मॉडेल फक्त अंदाज देतं, निरंजन. स्वतःला दोष देऊ नकोस."

त्याने मान डोलावली, मग तो बाथरूममध्ये गेला आणि तोंडात रुमाल कोंबून रडला.

रविवारी त्याने आईला सगळं सांगितलं.

"डॉक्टर नगं म्हणले व्हते, तरी मीच बसले उकिडवी," ती म्हणाली. "चूक माजीच हाय."

इथे त्याला गप्प बसता आलं असतं.

"न्हाई आई. तू बसणार, हे मला ठावं व्हतं. मीच तपासलं न्हाई."

"तपासाया किती येळ लागला असता?"

"दोन दिस."

तिने पांघरूण छातीपर्यंत ओढून घेतलं. त्यानंतर त्या विषयावर ती त्याच्याशी कधीच बोलली नाही.

म्हशी शेजाऱ्याला देऊन टाकल्या. कंपनीत उकिडवं बसण्याची चाचणी नेहमीच्या तपासणीत आली. सगळ्यांनी निरंजनचं कौतुक केलं, त्याला केक कापायला लावला.

घरी दुखणं आता फक्त त्याच्या बायकोला, रजनीला कळतं. मोरीकडे जायचं झालं की आई तिलाच हाक मारते. परवा रजनी बाहेर गेली होती. निरंजनने उठून हात पुढे केला.

"ऱ्हाऊ दे," आई म्हणाली आणि ओठ दाबून रजनीची वाट बघत बसून राहिली.