येळवशीच्या भज्जीचं मीठ

राजेश्वर गावात रुद्रम्माच्या घरी भाजी विकत आणायची रीत नाही. पावसाळ्यात बांधावरचा तरोटा, पुढं घोळ आणि पाथरी, थंडीत परड्यातली मेथी, चुका, वालाच्या शेंगा, आणि उन्हाळ्यात काहीच नसलं तर डाळीत चिंचेचा कोवळा पाला. बाजारच्या भाजीकडं बघून ती नाक मुरडते. नाक हेच तिचं भांडवल. लिंगपूजा होऊन नैवेद्य दाखवल्याशिवाय या घरात कुणी काही चाखत नाही. चाखलं की ते उष्टं. म्हणून ती जन्मभर वासावरच रांधत आली. लसूण कधी लाल झाला, डाळ कधी खाली लागायला आली, सगळं नाक सांगायचं.

आणि नवरा बंडेप्पा? तो जेवायचा. पानात पडेल ते खायचा, ताट धुऊन ते पाणीही प्यायचा आणि बरं झालंय म्हणून उठायचा. प्रसादाला नावं ठेवायची नाहीत, हा त्याच्या अप्पांनी घालून दिलेला नेम. मीठ जास्त पडो की भाकरी करपो, बंडेप्पाचं आपलं बरंच झालेलं असायचं.

यंदा श्रावणात रुद्रम्माला ताप आला. ताप गेला तो वास आणि चव दोन्ही घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू, थोडं थांबा. थांबण्याचा आणि रुद्रम्माचा छत्तीसाचा आकडा. तिनं दुसऱ्याच दिवशी तरोट्याची भाजी केली. बंडेप्पा जेवला, बरं झालंय म्हणाला. वाटीभर भाजी शेजारी राहणाऱ्या जावेकडं, चन्नव्वाकडं गेली, तर चन्नव्वा वाटी घेऊन तशीच परत आली. भाजी खाली लागून कडूजहर झाली होती.

भाजी करपल्याचं रुद्रम्माला एवढं वाटलं नाही. पण मग इतकी वर्षं हा माणूस जे म्हणत आला, त्याला काही अर्थच नव्हता का? ते मात्र तिला फार लागलं. भांडण झालं. बंडेप्पाचं म्हणणं, दाखवायच्या आधी चाखता येत नाही आणि दाखवल्यावर बोलता येत नाही, मग मी करू तरी काय?

तिनं हायच खाल्ली. रोज पिठलं-भाकरी, नाहीतर भाकरी-पिठलं. परड्यातली अंबाडी निबर होऊन फुलावर आली तरी तिनं हात लावला नाही. एक दिवस चन्नव्वाला तिनं सांगून टाकलं की यंदा येळवशीची भज्जी तूच कर.

मार्गशीर्षातल्या अमावास्येला, म्हणजे येळवशीला, गाव रिकामा होऊन शेतात जेवायला जातो. भज्जी त्या दिवसाची. तुरीचे ओले दाणे, हरभऱ्याचे कोवळे घाटे, वाल, मेथी, कांद्याची पात, जे हिरवं सापडेल ते चिंचेच्या कोळात आणि बेसनात शिजवायचं, तेही पातेलंभर. रुद्रम्माची भज्जी खायला लोक वाट वाकडी करून यायचे. तिनं ती सोडली म्हटल्यावर बंडेप्पा हादरला.

दुसऱ्या दिवशी तो पाट ओढून चुलीपाशी बसला.

"माजं नाक घे," म्हणाला. "वास घ्यायला कुटं मनाई हाय?"

सुरुवातीला त्या नाकाचा उपयोग शून्य. कसला वास यायलाय म्हणून विचारलं, तर भाजीचा म्हणायचा. गाढवाला गुळाची चव काय, असं रुद्रम्मा तोंडावर म्हणाली. पण माणूस उठला नाही. दिवाळीपर्यंत त्याला कच्चं बेसन आणि भाजलेलं बेसन वेगळं कळायला लागलं. पुढं पुढं तर ओसरीवरूनच सांगायचा की लसूण लाल व्हायलाय, उतरव. रुद्रम्मा पुन्हा टोपली घेऊन बांधावर जाऊ लागली. येळवस चार दिवसांवर आली तेव्हा तिनं चन्नव्वाला निरोप धाडला की भज्जी मीच करते.

एकाच गोष्टीचा घोर होता. मिठाला वास नसतो. रोजच्या भाजीचं मीठ हाताला ठाऊक असतं, पण वर्षातून एकदा होणाऱ्या पातेलंभर भज्जीचं कसं? एरवी नैवेद्य झाला की पहिला घास तीच घ्यायची आणि कमी असलं तर मीठ घालायची. यंदा तिच्या जिभेला मीठ आणि माती सारखीच.

येळवशीला शेतात कडब्याच्या कोपीत मांडलेल्या देवाची पूजा झाली, नैवेद्य झाला, पंगत बसली. भज्जी, बाजरीचे उंडे, अंबील. निर्णा गावाहून आलेले पाहुणे पहिल्याच घासाला वाहवा म्हणाले. चन्नव्वाही म्हणाली. पाहुणे म्हणणारच, आणि चन्नव्वाला सणाच्या दिवशी वाद नको होता. रुद्रम्मा पळी धरून नवऱ्याकडं बघत उभी राहिली. आज त्यानं पुन्हा बरं झालंय म्हटलं असतं, तर तिनं पुढच्या वर्षी पातेलं बाहेर काढलं नसतं.

बंडेप्पानं घास चावला. थांबला. कोपीकडं बघून त्यानं एकदा हात जोडले.

"प्रसाद देवाचा हाय," तो म्हणाला. "मीठ आपलं हाय. कमी पडलंय बघ."

चन्नव्वाचा घास हातातच राहिला. रुद्रम्मानं पदर खोचला, मूठभर मीठ पातेल्यात टाकून ढवळलं आणि आधी त्याच्याच पानात वाढलं. त्यानं खाऊन आणखी चिमूटभर टाकायला सांगितलं. तिनं टाकलं, आणि तिचे डोळे भरून आले. इतकं सुख तिला कुणाच्या वाहवेनं झालं नव्हतं. इतकी वर्षं तिच्या हातचं देव जेवत होता. आज नवरा जेवला.