नालाची अंगठी आन समुद्रातलं लोखंड

आख्ख्या कर्जत तालुक्यात भर समुद्रात जाऊन काम केलेला पयला माणूस मी. काम म्हंजे बादलीत तोंड घालून ओकायचं, नि मधी सवड मिळाली तर बाटल्या भरायच्या.

शाळा मी बाहेरूनच बघितली. त्या टायमाला मुंबईच्या एक बाई खालापुराला पाताळगंगेचं पाणी न्यायला यायच्या. पाण्यात लोखंड-तांबं किती हाय ते तपासायच्या. मी त्यांच्या पेट्या उचलायचो. एकदा इचारलं, "बाई, लोखंड पाण्यात बुडत कसं नाय?"

हसल्या नाय. म्हणाल्या, "तुमच्या डोंगराच्या लाल मातीत लोखंड आहे. नदी ते खाडीत नेते. खारं पाणी लागलं की बरंचसं चिखलात बसतं, चिखल थोडं परत सोडतो. लांब समुद्रात जाल तसं कमी होत जातं, चिमूटभर उरतं. पण तिथलं बारीक शेवाळ त्या चिमटीवर जगतं, आणि शेवाळावर मासे."

मला लई बरं वाटलं. आमच्या बांधाची माती फुकट जात नाय, कुणाच्या तरी पोटाला लागते.

मग बाईंनी मला लाँचवर नेलं. नियम एकच, पाण्याला धातू लागता कामा नये. बाटल्या प्लास्टिकच्या, दोरी नायलॉनची, हातात प्लास्टिकचे मोजे. लाँचवरनं होडीत उतरायचं नि वाकून हातानं बाटली बुडवायची. खाडीतल्या बाटल्या बाई सवता भरायच्या, भर समुद्रातल्या मी.

माझ्या बोटात अंगठी. माथेरानच्या काळ्या घोड्याच्या नालाची, आईनं शनीसाठी घातलेली. तिच्यावर मोजा चढंना. मग मी डोकं चालवलं. मोज्याचं तेवढं बोट कापून टाकलं. शनी पण खूश, बाई पण खूश.

काय दिवसांनी बाई आल्या त्या तोंड पाडून. "लोखंड खाडीत कमी आणि बाहेर जास्त निघालंय. असं होत नाही. दोन वर्षांचं काम आहे माझं. पावसाळ्याआधी लाँच एकदाच मिळेल. तेव्हाही असंच निघालं तर सगळं फुकट."

त्यांना धीर द्यावा म्हणून मी पाण्याचा पेला पुढं केला. बाईंनी पेला घेतलाच नाय, माझं बोट बघत बसल्या. अंगठीखाली तांबडा गंज.

"ही लाँचवर होती?"

"व्हय. पर मोजा घातलावता की."

"ह्या बोटाला?"

"ह्या बोटाला सोडून."

आता मला हाकलणार, असं वाटलं. बाई साबण घेऊन बसल्या. बोट सुजलेलं, तरी सवता चोळून चोळून अंगठी काढली. दुसरा कोण असता तर अंगठी ऱ्हायली असती नि मला काढलं असतं. म्हणाल्या, "पुढच्या खेपेला तुम्हीच या. धातू कुठून लागतो ते आता तुमच्याएवढं कुणाला कळणार नाही."

गेलो. शनीचं नाव घेतलं, ओकलो, पर आख्खा मोजा घालून बाटल्या भरल्या. पाणी बरोबर निघालं. ते सांगायला बाई पेढे घेऊन खालापुरापर्यंत आल्या. मला, हमालाला. आजून डोंगरावरनं लाल पाणी उतरलं की त्यांची आठवण येते, हात जोडावंसं वाटतं.

पेढे घेऊन घरी गेलो. आईला म्हणालो, "बघ गं, अंगठी काढली तरी शनीनं काय केलं नाय. उलट बाईंचं काम झालं."

आई भाकरी थापत व्हती. वर पण बघितलं नाय.

"साडेसाती तुला नव्हतीच रं. त्या बाईला तू व्हतास."