माथ्यावर काढलेले बूट

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे भावोजी, जन्मभर अनवाणी हिंडलेले. कर्जतच्या आसपासचा एक डोंगर त्यांनी सोडला नव्हता. म्हणून तर दर हिवाळ्यात आमच्याकडे डोंगर चढायला येणाऱ्या मुंबईच्या एका वकिलांनी नवख्या मंडळींना घेऊन हिमालयात जायचं ठरवलं, तेव्हा सामान वाहायला आम्हा दोघांना बरोबर घेतलं. "कुणालाही जमेल असा डोंगर आहे," म्हणाले. जमतंय डोंबल!

वैशाख लागला होता. बहीण मला म्हणाली, "पेरणीच्या आत धड आण रं ह्यांना. औत धरायला घरात दुसरं कोण हाय?"

वकिलांनी आम्हाला बूट दिले. भावोजी दर मुक्कामाला त्या बुटांना शिव्या घालायचे. बरेच दिवस चालल्यावर बर्फ लागला. अख्खी नदीच गोठून पडलेली, मधे मधे खोल फटी. तिथल्या वाटाड्याने सगळ्यांना एका दोरीत बांधलं. माझी तर पाचावर धारण बसली होती.

माथा सपाट होता, वर पोचेल तसं एकेकाला दोरीतून सोडलं. तिथल्या लोकांनी दगड रचून त्यांवर चिंध्या बांधल्या होत्या. आमच्याकडे डोंगरावर असे दगड दिसले की तो देव, आणि देवापुढे पायात काही चालत नाही. भावोजींनी खाली बसून बूट काढले, मोजे काढले.

"देवाम्होरं कातडं घालून उभा राहू व्हय?" म्हणाले, आणि बर्फातून प्रदक्षिणा घालू लागले.

मीही वाकलो होतो, पण माझ्या बुटांच्या नाड्या गोठलेल्या, सुटेचनात. वाटाड्या दमून मागे राहिलेल्या वकिलांना वर ओढून घेत होता, त्याची आमच्याकडे पाठ होती.

"काय गार नाय रं! देवानं वाट ऊन केली," भावोजी हसत होते.

वाटाड्याने पाहिलं आणि तो ओरडतच धावला. त्यांचे पाय त्याने स्वतःच्या अंगरख्यात पोटाशी धरले. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. खाली येईपर्यंत बोटं काळी पडली. पायथ्याच्या दवाखान्यात ती सगळी काढावी लागली.

पाऊस पडला आणि भावोजी हट्टाने औत घेऊन चिखलात उतरले. लोकांना वाटतं औत हाताने धरतात. अहो, चिखलात माणूस उभा राहतो तो पायाच्या बोटांवर! ते पुन्हा पुन्हा आपटले. शेवटी बहिणीने पदर खोचला आणि औत धरलं. बाईने नांगराला हात लावायचा नाही, ही आमच्याकडची रीत. शेजारचे लोक मान फिरवून निघून गेले. मी पुढे झालो तर म्हणाली, "तू किती वर्सं येशील रं?"

भावोजी बांधावर बसले होते, चिखलाने माखलेले. मला भयंकर राग आला होता. देवाचा, वकिलांचा, त्यांचाही.

"गार लागतंय असं एकदा तरी म्हणायचं होतंत!" मी ओरडलो.

ते बहिणीकडे बघत राहिले.

"दुकलं असतं तर घातलं असतं ना रं बूट," म्हणाले. "कायच दुकलं नाय."