'कळलं नाही' चालत नाही

हदगाव तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात मी डॉक्टर होते तेव्हाची गोष्ट. अडीच महिन्यांचं धडधाकट लेकरू दुपारी दूध पिऊन झोपलं ते उठलंच नाही. ना ताप, ना खोकला. आईने बसून पाजलं होतं, ढेकर काढली होती, मग तीही शेजारी लवंडली. आम्ही पोचेपर्यंत घरच्यांनी त्याला शेताच्या कडेला पुरलंही होतं. तान्ह्या लेकराला आमच्याकडे जाळत नाहीत, आणि शवविच्छेदनाचा विषय काढायची कुणाची छाती होत नाही. मी अहवालात खरं ते लिहिलं: कारण कळलं नाही.

नांदेडच्या आढावा बैठकीत साहेब उखडले. "कळलं नाही म्हणजे? डॉक्टर आहात ना तुम्ही?"

मग चहा-बिस्किटांसोबत कारणाची शोधाशोध सुरू झाली. न्यूमोनिया लिहावा, तर न्यूमोनियाची मोहीम नुकतीच यशस्वी होऊन साहेबांचा सत्कारही झाला होता. जुलाब लिहावेत, तर जुलाब प्रतिबंधाचा पंधरवडा चालू, आणि पंधरवड्यात जुलाबाने मरायला परवानगी नव्हती. कमी वजन म्हणावं, तर लेकरू चांगलं गुटगुटीत. त्यानेही सहकार्य केलं नव्हतं. 'इतर'मध्ये टाकलं की वरून विचारणा होते. शेवटी 'दूध श्वासनलिकेत गेलं' यावर एकमत झालं. या कारणाला कुठली मोहीम नाही, कुठलं खातं जबाबदार नाही. फक्त आई.

मी वाद घातला, तर साहेब समजुतीने म्हणाले, "मॅडम, एका ओळीने कुणाचं काय बिघडतं?" संगणकाने ती ओळ विनातक्रार घेतली. माझा नुसता जळफळाट झाला.

निष्कर्ष घरच्यांना कळवावा, असा आदेशही निघाला आणि तो मात्र चोख पाळला गेला. तेव्हापासून सासू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "म्या तवाच म्हनलं व्हतं, निजून पाजू नको म्हून. आता सरकारबी तेच म्हनून राहिलंय."

पुढे त्या आईला मुलगी झाली. लसीला आली तेव्हा डोळे खोल गेलेले. बाकावर बसल्या बसल्या पेंगत होती, पण लेकराच्या छातीवरचा हात काही निघत नव्हता. मला राहवेना. म्हणाले, "अगं, दुपारी जरा झोपत जा. तुझ्यामुळे काही झालं नव्हतं. कारण आम्हाला कळलंच नव्हतं."

तिने वर पाहिलं. "कळलं न्हाई, तर मग लिवलं कामून, म्याडम?"