रुवैसमधली गोंडीची शिकवणी

विजयकुमार आत्राम माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगायला हवं. पुढचं ऐकून तुम्ही त्याला शिव्या घालाल. खुशाल घाला.

गडचिरोलीकडच्या आश्रमशाळेत पोरगा गोंडीत बोलला की गुरुजी त्याला ओल्या छडीने फोडून काढायचे. एकदा तर गोंडीत नुसतं पाणी मागितलं म्हणून विजयकुमारची पाठ सोलवटून निघाली. असा मार खात तो शिकला, इंजिनिअर झाला आणि अबुधाबीतल्या रुवैसच्या रिफायनरीत कंत्राटावर लागला. मुलगी शर्वाणी तिथेच वाढली. नऊ वर्षांची झाली तरी तिला गोंडीचा गंध नव्हता.

२००९च्या फेब्रुवारीत मंदीने त्याला गाठलं. कंपनीने नोटीस दिली, जूनअखेर व्हिसा बंद. आता शर्वाणी गावी आजीपाशी राहणार, आणि आजीला गोंडीशिवाय काही येत नव्हतं. विजयकुमारचं धाबं दणाणलं. दर शुक्रवारी त्याने हॉलमध्ये शिकवणी मांडली. त्याच्याच कंपनीतल्या विलास कुमरेची मुलंही येऊ लागली. इंग्रजी शब्द निघाला की स्टीलच्या पट्टीचा फटका. ज्या माराने त्याची गोंडी दाबली, त्याच माराने ती पोरांच्या तोंडी येईल, अशी या शहाण्याची समजूत!

मे महिन्यातल्या एका शुक्रवारी शर्वाणी रडकुंडीला आली. "बाबा, आय ॲम टायर्ड, प्लीज!"

"गोंडीत बोल!" पट्टी बोटांवर बसली. तिने हात ओढला, तशी दुसरी कानशिलावर. कातडं फाटून रक्त मानेवर उतरलं.

मुलांना न्यायला आलेल्या विलासने विजयकुमारचं मनगट पिरगाळलं. "बस, खलास! पागल झालास काय? पोरगी आहे ती!"

विजयकुमारने त्याच्या तोंडावर ठोसा हाणला. विलासने त्याला उचलून भिंतीवर आदळलं. विजयकुमारची बायको मीनाक्षी किंचाळत मध्ये पडली, तर तिलाही कोपर लागलं.

या गदारोळात शर्वाणीने कानाला टॉवेल धरून गावी फोन लावला. आजीचा आवाज येताच ती गोंडीत बोलली, कुठेही न अडखळता. "आजी, बाबा मला मारतो. मला तुझ्याकडे ने."

विजयकुमार जमिनीवर पडल्या पडल्या ऐकत होता. त्याने फोन घेतला.

"तुला गुरुजी मारायचे तेव्हा मी घरात रडत बसले," म्हातारी गोंडीत म्हणाली. "तेव्हाच येऊन त्याचा हात मोडायला हवा होता मी."

जूनमध्ये सगळे गावी परतले. शर्वाणी आजीशी तासन्‌तास गोंडीत बोलते, खिदळते. बाप आत आला की त्याच्याशी मात्र इंग्रजीत बोलू लागते.