सांडव्यातला रस्ता

भरत्या तलावाला बूच मारणारी बाई तुम्ही कधी पाहिली नसेल, तर ही घ्या पाहून. बूच मी मारलं, तेही आंब्याच्या पानांचं तोरण बांधून आणि पोरांकडून टाळ्या पिटवून. वय एकवीस, अक्कल त्याच्या निम्मीसुद्धा नाही. नातवंडं "आजी, तू किती हुशार गं" म्हणतात तेव्हा मी पदर तोंडाला लावते. त्यांना वाटतं आजी लाजली. लाजच असते ती, पण त्यांना वाटते तसली नव्हे.

माझ्या हुशारीचा हिशोब ज्याला चुकवावा लागला तो माणूस म्हणजे आमचा पाणकर. तलावाचं पाणी शेतोशेत वाटून देणारा तो पाणकर; त्याचं नाव गावात फारसं कुणी घेत नसे. त्याला मी कधी पायात काही घातलेलं पाहिलं नाही. वहाणा होत्या, पण त्या काखेत. लग्नाला जाताना गावाची शीव ओलांडली की घालायच्या, परतताना शिवेवर काढायच्या. रोज सकाळी तो तलावाच्या पाळीवरून, म्हणजे पाणी अडवणाऱ्या मातीच्या बांधावरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत अनवाणी चालायचा. मी एकदा विचारलं, "भाऊ, काटे नाही टोचत?" तर म्हणाला, "टोचतात ना बाई. पण पाळ कुठी ओली झाली, खेकड्यानं कुठी बीळ केलं, हे चपलेले थोडंच समजते!"

मी सातारकडची. नागपूरच्या मामांनी खटपट करून इथल्या शाळेत शिक्षिकेची नोकरी लावून दिली होती. चांदा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात, म्हणजे आमच्या घरच्यांच्या लेखी मी परदेशीच गेले होते. आई पत्रात विचारायची, "तिकडच्या लोकांचं बोलणं कळतं का?" गाव सावली नावाच्या मोठ्या गावापलीकडे, धानपट्ट्यातलं, म्हणजे भातशेतीच्या मुलखातलं. बोलणं पंधरा दिवसांत कळायला लागलं. माणसं कळायला मात्र फार वेळ लागला, कारण मी त्यांना शिकवायला आले होते ना!

पाणकर तलावाबद्दल घरच्या माणसासारखं बोलायचा. "तलाव म्हंजे जावई बाई," तो म्हणायचा. "आला त मान द्या, खाऊ घाला. पण त्याची जायची वाट मोकळी ठेवा. जावई राहूनच गेला त घर बुडते." पाण्याची पाळी देताना त्याच्यापुढे कुणाचं चालत नसे. पावसानं ओढ दिली की सगळ्यात आधी पाणी शेवटच्या बांधीला, म्हणजे भाताच्या खाचराला, मग वर वर येत पाळीजवळच्या शेताला. गावातला बडा शेतकरी एकदा चिडून म्हणाला, "काऊन रे, माझं वावर तलावाले लागून, अन् मलेच शेवटी?" पाणकर म्हणाला, "तुमचं वावर तलावाचा वास घेऊनबी जगते. त्या खालच्याले वासबी नाई येत." त्याचं स्वतःचं दीड बांधीचं वावर पाळीच्या पार टोकाला होतं, अगदी पाळीला लागून; म्हणजे त्यालाही पाणी शेवटीच.

आता माझा पराक्रम. माझी खोली गावात आणि शाळा पाळीच्या दुसऱ्या टोकापलीकडे. मधे सांडवा. तलाव काठोकाठ भरला की जास्तीचं पाणी ज्या सखल वाटेनं आपोआप निघून जातं, तो सांडवा. पहिला सगळा पावसाळा मी रोज पातळ गुडघ्यापर्यंत उचलून त्यातून गेले. बाया हसायच्या, पोरं हसायची. मला वाटायचं, शिकलेल्या बाईची ही अवस्था! ते दिवस श्रमदानाचे होते. ज्याच्या त्याच्या तोंडी रस्ता. उन्हाळ्यात सांडवा कोरडा पडला आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आठ दिवस सकाळची शाळा सुटली की पोरांना घेऊन सांडव्यात गोटे, मुरूम, माती टाकली, धुमसानं ठोकून घट्ट बसवली. कोरड्या पायानं जाता येईल असा झक्क रस्ता. दौऱ्यावर आलेल्या साहेबांनी माझं कौतुक केलं. "पावसाळ्यात पुन्हा येतो, तेव्हा याच रस्त्यानं शाळेत येईन," असं म्हणाले. मी तेवढ्यावर दोन महिने तरंगत होते.

पाणकर सासरवाडीच्या लग्नाहून परतला आणि रस्त्याशी येऊन थांबला. वहाणा काखेतच.

"बाई, इथी पाणी चालते. तुमी तुमच्या चालण्यासाठी बांधून टाकलं, त पाणी कुठून चालन?"

"भाऊ, एवढ्याशा रस्त्यानं एवढ्या मोठ्या तलावाला काय होतंय? अन् मी भूगोल शिकवते, मला कळतं पाण्याचं."

"हो का? तुमच्या भूगोलात आमचा तलाव हाय?"

पोरं फिदीफिदी हसली. मला झोंबलं. मी म्हटलं, "पोरांनी हातानं बांधलंय ते. तुम्ही तोडा, पोरांच्या देखत." एका पोराच्या तळहातावरचे फोड त्यानं पाहिले, त्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, "बरं. साहेब येऊन जाऊ द्या. मंग मी हळूच काढून घेईन." त्याच्या चांगुलपणावर आपण मात केली, याचा मला त्या दिवशी केवढा आनंद झाला होता!

साहेब आलेच नाहीत. पाऊस आला, पण पोळ्यापर्यंत बेताचाच. पोळा झाला आणि चौथ्या दिवसापासून जो लागला तो तीन दिवस उसंत नाही. पावसाच्या चौथ्या दिवशी सकाळी पोरं शाळेत होती, कारण माझ्या कोरड्या रस्त्यानं ती आली होती. पाणकर धावत दाराशी आला. "बाई, पोराईले घेऊन वरच्या देवळात जा. आत्ताच्या आत्ता."

देवळाच्या ओट्यावरून सगळं दिसत होतं. तलाव पाळीच्या माथ्यापासून वीतभर खाली. पाळीखाली मधोमध चाळीस घरं. चार माणसं कुदळी घेऊन माझा रस्ता फोडत होती आणि तो फुटत नव्हता. इतकं पक्कं काम मी उभ्या आयुष्यात पुन्हा केलं नाही. पाणी मधल्या भागावरून सांडू लागलं असतं तर पाळ तिथंच गेली असती, आणि तिच्याखालची घरंही. पाणकरनं कुदळ खांद्यावर टाकली आणि तो सांडव्याच्या उलट दिशेला, पाळीच्या पार टोकाकडे पळत सुटला. तिकडे घरं नव्हती. तिकडे त्याचं वावर होतं.

त्यानं तिथं पाळ कापली. आधी हातभर चर, मग बैलगाडी जाईल एवढं भगदाड, मग आवाज. तो आवाज मी सांगू शकत नाही. तासाभरात घरं वाचली, हे सगळ्यांना कळलं. पाणकरचं निसवायला आलेलं, लोंब्या धरू लागलेलं धान दिसेनासं झालं. पाणी ओसरल्यावर तिथं नुसती रेती. तलाव रिकामा झाला, आणि पुढं पावसानं दडी मारल्यावर गावाच्या उरलेल्या धानालाही शेवटचं पाणी मिळालं नाही. निम्मं पीक तनसच झालं, नुसता पेंढा.

चौकशीला एक दुसरे साहेब आले. बसायला खुर्ची शाळेतच होती, म्हणून चौकशी शाळेत. पोरं चटयांवर, गावकरी दाराशी, पाणकर मधे उभा.

"पाळ कोणी कापली?"

"म्या."

"सांडवा कोणी बुजवला?"

माझ्या हातात हजेरीपट होता. मी त्यातली नावं वाचत राहिले, जणू पहिल्यांदाच पाहत होते. नोकरी जाईल, सातारला तोंड कसं दाखवू, मामा काय म्हणतील, एवढंच मनात. दाराशी कुणी तरी खाकरलं. पाणकर म्हणाला, "राखण माझी होती साहेब. माझी नजर चुकली."

पाणकी त्याच्या हातून गेली, आज्यापासून चालत आलेली. नवा पाणकर चपला घालून पाळीवर फिरू लागला.

मला त्याच्या दारात जायला सतरा दिवस लागले. तो वावरात होता, टोपल्यानं रेती उचलून बांधावर टाकत होता. मी पाठ करून गेले होते ते सगळं विसरले आणि नुसती रडले. म्हटलं, "भाऊ, मी साहेबांना पत्र लिहिते. खरं ते सगळं लिहिते." त्यानं टोपलं खाली ठेवलं, शेताच्या कडेला धुऱ्यावर बसला, मलाही बस म्हणाला. रागानं बोलला असता तर मी सुटले असते. तो बोलला ते अगदी हळू, समजावल्यासारखं:

"लिहा, नका लिहू, ते तुमचं तुमी पाहा. माझं का हाय बाई, दोन उन्हाळ्यात काढतो मी हे रेती. पण त्या दिवशी साहेबानं इचारलं, तवा सारे पोरं तुमच्याकडं पाहून राह्यले होते. अन् तुमी खाली पाह्यलं. आता त्याइले दुसरं काय शिकवाल?"