सहा घरच्या सहा फ्लॉप्या

मंगळवारी दुपारी भंडाऱ्यातल्या माझ्या डीटीपीच्या दुकानात कोंढ्याचे मेश्राम काका आले आणि टेबलावर फ्लॉप्या मांडायला लागले... एक खिशातून, दोन पिशवीतून, बाकीच्या सोबत आलेल्या सुनेच्या पर्समधून. एकूण सहा. मी गालातल्या गालात हसले, कबूल करते.

काका तालुक्याच्या ऑफिसात क्लार्क होते. पंचवीसेक वर्षांपूर्वी काकू धानाचे जुने वाण तोंडी सांगायच्या आणि काका जेवणाच्या सुट्टीत ते कॉम्प्युटरवर टाइप करायचे. सोबत प्रत्येक वाणाच्या लोंबीचा स्कॅन केलेला फोटो...

काकू दोन वर्षांपूर्वी गेल्या. आता सून शीलाला एका नातेवाइकाकडून लुचई या जुन्या वाणाचं थोडंसं बी मिळालं, पण ते कोणत्या बांधीत, म्हणजे धानाच्या कोणत्या खाचरात, टाकायचं हे सांगणारं घरात कोणी उरलं नाही. फसलं तर दुसरं बी मिळायचं नाही.

एवढा डेटा एका फ्लॉपीत मावणारा नव्हता. म्हणून तेव्हा कोणीतरी तो एआरजे नावाच्या फॉरमॅटमध्ये दाबून त्याचे सहा तुकडे करून दिले होते. आपल्या झिपचा हा जुना भाऊबंद.

आणि काकांनी काय करावं? सहा फ्लॉप्या सहा नातेवाइकांच्या घरी ठेवल्या! मी कपाळाला हात लावला तर म्हणाले, "बिजाई कोनी एकाच घरी ठेवते का, बाई? एका घरची गेली तं दुसऱ्या घरची कामी येते."

मी जरा चिडूनच समजावलं... की बियाण्याचं ठीक आहे, प्रत्येक घरी सगळं बी असतं. इथे एकाच चिठ्ठीचे सहा तुकडे आहेत, एक हरवला की बाकीचे कागद रद्दीत.

आणि माझी वाणी खरी व्हायची होती. पहिल्या तीन फ्लॉप्या वाचल्या गेल्या. चौथी, आंधळगावला बहिणीकडे ठेवलेली, तिला आतून बुरशी. पुसून पाहिली, तीन-तीनदा लावून पाहिली... नाही म्हणजे नाही.

माझं नेहमीचं सॉफ्टवेअर चौथ्या भागावर अडून बसलं आणि पुढचं काही उघडेना. पहिल्या तिघींत लुचई नव्हती. मी सरळ सांगून टाकलं की बाकीचं विसरा.

शीला फ्लॉप्या पर्समध्ये भरायला लागली. काका एवढंच म्हणाले, "चूक माहीच झाली. तिनं सांगलन, अन् मले सांभाळता नाही आलं."

मला फार वाईट वाटलं. चहा सांगितला, आणि तोवर त्या फॉरमॅटची जुनी माहिती नीट वाचायला घेतली... जे मी आधी करायला हवं होतं.

त्यात लिहिलं होतं की एआरजेचा प्रत्येक भाग वेगवेगळा दाबलेला असतो. आत काय आहे, कुठून कुठवर आहे, ही यादीही ज्याची त्याच्याजवळ! म्हणजे पाचवीला चौथीची गरजच नाही.

मग जुन्या डॉसची नक्कल करणारा प्रोग्राम लावला, त्यात मूळ एआरजे चालवला आणि त्याला एकटी पाचवी फ्लॉपी दिली. एकेक फाईल बाहेर पडायला लागली... मी खुर्चीतून उठून उभी राहिले.

आधी नुसती किडे-मुंग्यांची अक्षरं दिसली. ती जुन्या फॉन्टची करामत, आणि असले फॉन्ट आम्हा डीटीपीवाल्यांकडे ढिगाने पडलेले असतात. फॉन्ट टाकला आणि स्क्रीनवर काकू बोलायला लागल्या. "लुचई लवकर निसवते, कापनीले लवकर येते, म्हनून वरच्या बांधीत टाका. खोलगट बांधीत टाकाल तं कापनीच्या वक्ताले पाय चिखलात."

शीलाने लगेच मोबाईलने फोटो काढला. काकांनी चष्मा काढून पुसला, परत लावला. "हे बोलनं तिचंच हाये. मी एक शब्द बदललो नाही."

हिरानखी या दुसऱ्या वाणाचा अर्धा मजकूर मात्र चौथीबरोबर गेला, तो गेलाच. मी सॉरी म्हणाले, तर काका म्हणाले, "तिच्यासंगं धानाचा रोवना करनाऱ्या दोन बाया हायेत अजून गावात. त्याईले इचारतो." आणि जाताना माझ्याकडून एक कोरी वही घेऊन गेले.

हा फॉरमॅट कोणी बनवला, मला माहीत नाही. पण एक तुकडा बिघडला म्हणून बाकीच्यांनी मुकं होऊ नये, इतका विचार त्या माणसाने करून ठेवला होता... आणि त्यामुळे औंदा कोंढ्याच्या वरच्या बांधीत लुचई लागणार आहे. जिथे कुठे असाल तिथे, मनापासून थँक यू.